दाबलं की रूप बदलणारं बटण : पॉवरपॉइंटमध्ये प्रश्नमंजूषा बांधताना

बटण दाबलं आणि पडद्यावर काहीच हललं नाही, तर मूल काय करतं? पुन्हा दाबतं. मग आणखी जोरात दाबतं. तोवर स्लाईड दोन घरं पुढे गेलेली असते आणि मागच्या बाकावरून "बाई, पळालं!" असा गलका सुरू होतो. बटणाने रूप बदलायला हवं ते यासाठी. रजिस्टर पत्राची पोच जशी पाठवणाऱ्याकडे परत यायची, तशी दाबणाऱ्याला लगेच खूण मिळाली पाहिजे की तुझं पोचलं, आता उत्तराकडे बघ.

हा लेख लिहिताना जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक डोळ्यांसमोर आहेत, पण स्नेहसंमेलनात स्टॉल मांडणाऱ्यांना किंवा ग्रामपंचायतीत माहितीफलक दाखवणाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. उदाहरण म्हणून सांगली जिल्ह्यावरची छोटी प्रश्नमंजूषा घेतली आहे; तिसरीच्या परिसर अभ्यासाला ती चालून जाते. साताऱ्याच्या मंडळींनी नद्या आणि तालुके बदलून घ्यावेत, बाकी कृती तीच. मेनूंची नावं इंग्रजी पॉवरपॉइंटमध्ये ऐकू येतात तशीच देवनागरीत दिली आहेत.

माउस हातात घेण्याआधी

आधी एवढंच ठरवा: दाबल्यानंतर त्या बटणाचं पुढे काय व्हायला हवंय? क्षणभर दबून ते पूर्ववत व्हावं? रंग बदलून तसंच राहावं? पुन्हा दाबल्यावर मूळ रंगावर यावं? की दुसऱ्या स्लाईडवर फिरून परत आलं तरी "हे दाबून झालंय" हे त्याच्या लक्षात असावं?

पहिल्या तिन्ही गोष्टी ॲनिमेशन आणि ट्रिगर यांच्या जोडीने होतात. चौथी तशी होत नाही, आणि नेमकी तिच्याच मागे लागून लोकांच्या संध्याकाळी वाया जातात. म्हणून आपल्याला कोणती हवी आहे हे कागदावर लिहून मगच कामाला लागावं.

ट्रिगर म्हणजे काय ते थोडक्यात. साधं ॲनिमेशन स्लाईडवर कुठेही क्लिक झालं की चालतं. ट्रिगर लावला की ते एका ठरावीक वस्तूवरच्या क्लिकची वाट बघत बसतं. बाकी कुठे कितीही दाबा, ते जागचं हलत नाही. ही सोय पॉवरपॉइंटच्या २००२ च्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे शाळेतला संगणक जुना म्हणून घाबरायचं कारण नाही. फक्त २००७ मध्ये ती थोडी आत दडलेली आहे: कस्टम ॲनिमेशनच्या यादीत त्या परिणामाचं (इफेक्टचं) टायमिंग उघडायचं आणि खालचं ट्रिगर्स हे बटण दाबायचं. २०१० पासून पुढे ट्रिगर थेट ॲनिमेशन्स टॅबवर मिळतो.

आकार, नाव आणि अक्षर

इन्सर्ट टॅबमधून शेप्स उघडा आणि गोल कोपऱ्यांचा आयत काढा. बटणावरचा मजकूर त्या आयताच्या आतच टाइप करा. आयतावर वेगळी टेक्स्ट बॉक्स ठेवायची सवय अनेकांना असते. मग शोमध्ये क्लिक त्या टेक्स्ट बॉक्सवर पडतो, खालच्या आयतापर्यंत पोचतच नाही, आणि "माझा ट्रिगर चालत नाही" अशी तक्रार सुरू होते. आयताला एकरंगी भराव द्या. भराव नको असेल तर 'नो फिल' करू नका. रंग ठेवून पारदर्शकता १०० टक्के करा. नो फिल केलेल्या आकाराच्या मधोमध दाबलं तर क्लिक लागत नाही.

आता ऑल्ट आणि एफ १० एकत्र दाबा. उजवीकडे सिलेक्शन पेन उघडेल. त्यात प्रत्येक वस्तूच्या नावावर दोनदा क्लिक करून स्वतःचं नाव द्या: 'उत्तर-कृष्णा', 'उत्तर-वारणा', 'माहिती-वारणा'. मराठीत नाव दिलेलं चालतं. हा कंटाळा करू नये. पुढे ट्रिगरच्या यादीत नुसते 'रेक्टँगल ७', 'रेक्टँगल १२', 'रेक्टँगल १९' दिसू लागले की कोणतं बटण कोणतं, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

दोन-तीन आकारांचं मिळून एक बटण करायचं असेल, म्हणजे आयत आणि शेजारी छोटं चित्र, तर ॲनिमेशन लावायच्या आधी त्यांचा ग्रुप करा. ॲनिमेशन लावून झाल्यावर ग्रुप केला तर लावलेलं सगळं उडून जातं.

मजकूर युनिकोड फॉन्टमध्येच हवा. विंडोजबरोबर येणारे मंगल, निर्मला यूआय, कोकिळा, अपराजिता यातला कोणताही चालेल. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडली की बटणांवर 'कृष्णा'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाईल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने 'एम्बेड फॉन्ट्स' वर खूण केली तर वापरलेला फॉन्ट फाईलबरोबरच जातो. फाईल थोडी जड होते, इतकंच.

पहिलं बटण: दाबलं की हिरवं, आणि हिरवंच

प्रश्न असा घेऊ: सांगली शहर कोणत्या नदीच्या काठावर आहे? पर्याय चार: कृष्णा, वारणा, येरळा, कोयना. चारही बटणं सारख्याच निळसर राखाडी रंगाची ठेवा.

'उत्तर-कृष्णा' निवडा. ॲनिमेशन्स टॅबमध्ये ॲड ॲनिमेशन उघडा आणि एम्फसिस या गटातलं फिल कलर घ्या. इफेक्ट ऑप्शन्समधून हिरवा रंग निवडा. ड्युरेशन पाव सेकंदावर आणा. रंग हळूहळू चढू दिला तर बघायला बरं वाटतं, पण पोच उशिरा मिळते आणि मूल तोवर पुन्हा दाबतं.

मग त्याच टॅबवर ट्रिगर, त्यात ऑन क्लिक ऑफ, आणि यादीतून 'उत्तर-कृष्णा'. म्हणजे बटण स्वतःच स्वतःचा ट्रिगर झालं. ॲनिमेशन पेन उघडून बघा: यादीत 'ट्रिगर: उत्तर-कृष्णा' अशी पट्टी येईल आणि तिच्याखाली फिल कलर. स्लाईडवर आकाराशेजारी छोटं विजेचं चिन्हही दिसतं. एफ ५ ने पहिल्या स्लाईडपासून शो सुरू होतो. शिफ्ट आणि एफ ५ दाबलं तर समोर असलेल्या स्लाईडपासून, तपासायला तेच सोयीचं.

नुसत्या हिरव्यावर थांबू नका. लाल आणि हिरवा यातला फरक न कळणारी मुलं वर्गात असू शकतात, आणि दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की प्रोजेक्टरवर दोन्ही रंग सारखेच मळके दिसतात. बटणाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण ठेवा, तिला एन्ट्रन्समधलं ॲपिअर लावा, स्टार्टमध्ये विथ प्रीव्हियस निवडा आणि पेनमध्ये ओढून त्याच पट्टीखाली फिल कलरच्या खाली आणा. आता रंग आणि खूण एकदम येतात.

चुकीच्या उत्तराचं काय करायचं

खरी मजा इथे आहे, आणि बहुतेक जण इथेच लाल रंग आणि 'भोंऽ' असा आवाज टाकून मोकळे होतात. चुकीचं बटण दाबणाऱ्या मुलालाही पोच हवीच, पण तिच्यासोबत त्याच्या हाती काहीतरी पडलं पाहिजे. आपल्या प्रश्नात ते आयतंच आहे, कारण उरलेल्या तिन्ही नद्या शेवटी कृष्णेलाच मिळतात. कोयना कराडला प्रीतिसंगमावर, येरळा ब्रह्मनाळजवळ, आणि वारणा सांगलीला खेटून असलेल्या हरिपूरला. म्हणजे 'वारणा' म्हणणारं मूल फार चुकलेलं नाही. ते संगमापर्यंत येऊन थांबलंय. स्लाईडने त्याला तेच सांगावं.

त्यासाठी प्रत्येक चुकीच्या बटणाच्या दोन प्रती करू. 'उत्तर-वारणा' निवडून कंट्रोल आणि डी दाबा. नव्या प्रतीला 'फिकी-वारणा' नाव द्या, रंग अगदी फिका राखाडी करा आणि कोपऱ्यात फुली टाका. ही प्रत मूळ बटणाच्या तंतोतंत जागेवर ठेवा. जुळवायला होम टॅबमधल्या अरेंजमधून अलाईन वापरा, डोळ्यांवर विसंबू नका. शेजारी किंवा खाली एक पट्टी ठेवा, तिला 'माहिती-वारणा' नाव द्या आणि तिच्यात लिहा: "वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. सांगली मात्र कृष्णेच्याच काठावर."

(थांबा, हे लिहिणं म्हणजे उत्तर फोडणं झालं! पहिल्या प्रयत्नातच उत्तर द्यायचं नसेल तर वाक्य एवढंच ठेवा: "वारणा हरिपूरला एका मोठ्या नदीला मिळते. ती कोणती?")

आता क्रम लावायचा. 'उत्तर-वारणा'ला एक्झिटमधलं डिसअपिअर द्या आणि ट्रिगर म्हणून तेच बटण निवडा. 'फिकी-वारणा' आणि 'माहिती-वारणा' या दोघांना ॲपिअर द्या, दोन्हींचा स्टार्ट विथ प्रीव्हियस करा आणि दोन्ही त्याच ट्रिगरच्या पट्टीखाली आणा. ॲपिअर लावलेल्या वस्तू शो सुरू होताना आपोआप लपलेल्या असतात, वेगळं लपवावं लागत नाही.

फिक्या प्रतीला स्वतःचा ट्रिगर द्यायचा नाही. त्यामुळे एकदा दाबलेलं उत्तर पुन्हा दाबता येत नाही, ते विझून तिथेच राहतं, आणि कोणते पर्याय करून झाले हे मुलांना दिसत राहतं. लाल रंग मी मुद्दाम टाळला आहे. गटागटाने खेळताना लाल झालेल्या बटणाकडे बोट दाखवून हसणारे असतात. फिक्या बटणाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

कृष्णेच्या बटणालाही हीच दोन प्रतींची रीत लावता येईल. नुसतं फिल कलर असेल तर दुसऱ्यांदा दाबल्यावर ॲनिमेशन पुन्हा पहिल्यापासून खेळतं आणि रंग क्षणभर लवतो. मोठ्यांसमोर दाखवायचं असेल तर ही लवलव खटकते. तिसरीच्या वर्गात नाही.

आवाज हवाच असेल तर ॲनिमेशन पेनमध्ये त्या परिणामाचे इफेक्ट ऑप्शन्स उघडा, साउंडच्या यादीत टाळ्या मिळतात. शेजारच्या वर्गात परीक्षा नाही ना, एवढं बघून घ्या.

चालू-बंद होणारं बटण

जिल्ह्याच्या नकाशावर 'नद्या' असं बटण असावं, दाबलं की कृष्णेची रेघ उमटावी आणि बटण उजळावं, पुन्हा दाबलं की रेघ जावी आणि बटण विझावं. हे दोन रीतींनी होतं.

सोपी रीत एकाच आकाराची. बटणाला फिल कलर लावून पिवळा रंग द्या, मग पुन्हा ॲड ॲनिमेशनमधून दुसरं फिल कलर लावून मूळ रंग द्या. दोन्हींचा स्टार्ट ऑन क्लिक ठेवा आणि दोन्ही एकाच ट्रिगरखाली आणा. पहिला क्लिक पहिलं ॲनिमेशन चालवतो, दुसरा दुसरं, आणि यादी संपली की तिसरा क्लिक पुन्हा पहिल्यापासून. इथे एक सांभाळायचं: दुसरं ॲनिमेशन लावताना वरच्या मोठ्या गॅलरीतून निवडू नका. गॅलरीतून निवडलं की आधीचं पुसून त्या जागी नवं येतं. एकाच वस्तूला दुसरं ॲनिमेशन नेहमी ॲड ॲनिमेशनमधूनच.

रंगाबरोबर अक्षरंही बदलायची असतील, म्हणजे 'नद्या दाखवा' चं 'नद्या लपवा' व्हायचं असेल, तर दोन आकार लागतात. 'नद्या-बंद' आणि 'नद्या-चालू' अशी नावं द्या आणि एकावर एक ठेवा. कृष्णेसाठी शेप्समधल्या कर्व्हने नकाशावर रेघ काढा, नाव 'रेघ-कृष्णा'.

'नद्या-बंद' या ट्रिगरखाली तीन गोष्टी येतील: 'नद्या-बंद' डिसअपिअर, त्याच्यासोबत 'नद्या-चालू' ॲपिअर, आणि त्यांच्यासोबत 'रेघ-कृष्णा' वाइप, डावीकडून. जिल्ह्यात कृष्णा वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते, त्यामुळे डावीकडून येणारं वाइप नदीच्या ओघाने जातं आणि मुलांना प्रवाहाची दिशा न सांगता कळते. मग 'नद्या-चालू' या ट्रिगरखाली उलट: 'नद्या-चालू' डिसअपिअर, सोबत 'नद्या-बंद' ॲपिअर, सोबत 'रेघ-कृष्णा' डिसअपिअर.

याच क्रमाने बांधा, म्हणजे पेनमध्ये 'नद्या-बंद'ची पट्टी वर आणि 'नद्या-चालू'ची खाली राहील. क्रम उलटा झाला तर शो सुरू होताना नको ते बटण समोर दिसू शकतं. तसं दिसलंच तर इतर काही उकरण्याआधी हा क्रम बघा.

चारांपैकी एकच उजळलेलं

काही वेळा बटणं एकमेकांशी बांधलेली असतात: एक निवडलं की आधी निवडलेलं विझलं पाहिजे. हे ट्रिगरने होतं, पण प्रत्येक बटणाच्या पट्टीखाली स्वतःचा एक आणि बाकी तिघांना मूळ रंगावर आणणारे तीन असे चार परिणाम ठेवावे लागतात. चार बटणांचे सोळा. सोळांतला एक चुकला की शोधत बसा.

माझ्या मते इथे ॲनिमेशनचा नाद सोडावा आणि स्लाईडच्या प्रती कराव्यात. मूळ स्लाईड तयार करा, डावीकडच्या पट्टीत ती निवडून कंट्रोल आणि डी चार वेळा दाबा. दुसऱ्या स्लाईडवर पहिलं बटण उजळवा, तिसऱ्यावर दुसरं, असं पाचव्यापर्यंत. मग प्रत्येक बटणाला कंट्रोल आणि के ने लिंक द्या, त्यात प्लेस इन धिस डॉक्युमेंट निवडा आणि ते बटण ज्या स्लाईडवर उजळलंय ती स्लाईड. लिंक आकाराला द्या, आतल्या अक्षरांना नको. अक्षरांना दिली की खाली रेघ येते आणि रंगही थीमप्रमाणे बदलतो.

पाचही स्लाईडचं ट्रान्झिशन 'नन' ठेवा. पडदा अजिबात हलत नाही, फक्त बटणाचा रंग बदलल्यासारखा वाटतो. चार जादा स्लाईड्सवर उजवं क्लिक करून हाईड स्लाईड करा: बाणाच्या कळीने पुढे जाताना त्या लागत नाहीत, पण लिंकने मात्र उघडतात.

एकाच आकारावर लिंक आणि ट्रिगर दोन्ही लावू नका. बटणाला एकच काम द्या.

दाबलेलं लक्षात ठेवणारं बटण

सांगली जिल्ह्यात दहा तालुके आहेत: मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी, खानापूर, कडेगाव, पलूस, वाळवा, शिराळा. एका स्लाईडवर दहा बटणं, प्रत्येकामागे त्या तालुक्याची माहिती, आणि बघून झालेल्या तालुक्याचं बटण हिरवं राहावं, ही मागणी हमखास येते.

दहा वेगळ्या स्लाईड्स करून लिंक दिली तर परत आल्यावर मुख्य स्लाईडवरची सगळी ॲनिमेशनं पहिल्यापासून सुरू होतात. हिरवं झालेलं बटण पुन्हा राखाडी. बरं, स्लाईडच्या प्रती करून हे साधायचं म्हटलं, तर दहा बटणांच्या प्रत्येकी दोन अवस्था, म्हणजे १,०२४ स्लाईड्स. तेव्हा तो विचारही नको.

यावर सरळ उपाय म्हणजे स्लाईड सोडायचीच नाही. प्रत्येक तालुक्याच्या माहितीचा एक मोठा आयत करा, जवळजवळ स्लाईडभर, पक्क्या रंगाचा, सगळी बटणं झाकणारा. मिरजेच्या पाटीत सतार-तानपुऱ्यांचं लिहा, तासगावच्या पाटीत बेदाण्याचं, कडेगावात मोहरमच्या उंच ताबुतांचं, पलूसमध्ये किर्लोस्करवाडीचं. तळाला लिहा: "परत जायला इथेच दाबा." आता 'बटण-मिरज' या ट्रिगरखाली दोन परिणाम: बटणाला फिल कलर हिरवा, सोबत 'पाटी-मिरज' ॲपिअर. आणि 'पाटी-मिरज' हाच ट्रिगर करून त्याखाली 'पाटी-मिरज' डिसअपिअर. झालं. पाटी बटणांना झाकत असल्यामुळे एक बंद केल्याशिवाय दुसरी उघडता येत नाही, म्हणून दोन पाट्या एकमेकींवर चढण्याची भीती नाही. स्लाईड बदललेलीच नसल्यामुळे बटण हिरवंच राहतं.

तालुकागणिक तीन परिणाम, म्हणजे एकूण तीस. दहा पाट्या एकमेकींवर रचल्या की खालचं काही दिसत नाही; तेव्हा सिलेक्शन पेनमध्ये नावासमोरच्या डोळ्याच्या चिन्हाने बाकीच्या लपवून काम करा आणि शेवटी सगळ्या पुन्हा दाखवा. लपवलेली पाटी शोमध्येही लपूनच राहते.

बटणाऐवजी नुसत्या अक्षरांची यादी चालणार असेल तर याहून स्वस्त युक्ती आहे. तालुक्यांची नावं साध्या मजकुरात लिहा आणि अक्षरांनाच लिंक द्या. लिंक उघडून झाली की पॉवरपॉइंट त्या अक्षरांचा रंग स्वतःच बदलतो आणि परत आल्यावरही तो बदललेलाच असतो. हे दोन्ही रंग डिझाइन टॅबमधल्या व्हेरिअंट्समध्ये कलर्स, कस्टमाइझ कलर्स इथे हायपरलिंक आणि फॉलोड हायपरलिंक या नावांनी ठरवता येतात. फाईल बंद करून पुन्हा उघडली की पाटी कोरी.

मॅक्रोने, म्हणजे फाईलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमनेही हे होतं: इन्सर्ट, ॲक्शन, रन मॅक्रो. पण मॅक्रोने बदललेला रंग शो संपल्यावरही फाईलमध्ये तसाच राहतो, म्हणून सगळं पूर्ववत करणारा दुसरा मॅक्रो लिहावा लागतो. शिवाय इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली आहे. केंद्रातल्या बारा शाळांना फाईल वाटायची असेल तर या वाटेला जाऊ नये.

क्षणभर दबणारं बटण

'पुढे', 'मुख्य पान' अशा बटणांना हे पुरतं. बटण लिंकचं असेल तर इन्सर्टमधल्या ॲक्शनमध्ये हायलाइट क्लिक या चौकटीवर खूण करा. दाबताना किंचित झळक दिसते, फार अपेक्षा ठेवू नका. ट्रिगरचं असेल तर एम्फसिसमधलं ग्रो-श्रिंक लावून आकार ९० टक्के करा, वेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याइतका, आणि इफेक्ट ऑप्शन्समध्ये ऑटो-रिव्हर्सवर खूण. बटण आत जाऊन बाहेर येतं. रंगाला असंच क्षणभर बदलायचं असेल तर टायमिंगमध्ये 'रिवाइंड व्हेन डन प्लेइंग' आहे.

ॲक्शनच्या चौकटीत माउस ओव्हर नावाचा दुसरा टॅबही दिसेल. टच पॅनेलवर बोट ठेवलं की थेट क्लिकच होतो, त्यामुळे शाळेसाठी त्याचा उपयोग नाही.

गुगल स्लाइड्स आणि लिबरऑफिस

गुगल स्लाइड्समध्ये ट्रिगर नाहीतच. पॉवरपॉइंटची फाईल तिथे चढवली तर ट्रिगर गळून पडतात. तिथे स्लाईडच्या प्रती आणि लिंक हीच एक वाट. कुठेही दाबलं तरी स्लाईड पुढे जाण्याचा त्रास टाळायला स्लाईडभर एक पूर्ण पारदर्शक आयत काढा, त्याला त्याच स्लाईडची लिंक द्या आणि तो सगळ्या बटणांच्या मागे पाठवा. बाहेर पडलेला क्लिक हा आयत गिळतो.

लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये ट्रिगर आहे. बाजूच्या ॲनिमेशन पट्टीत परिणाम निवडून त्याचे ऑप्शन्स उघडा, टायमिंगमध्ये 'स्टार्ट इफेक्ट ऑन क्लिक ऑफ' मिळेल.

वर्गात नेण्याआधी

एक प्रश्न पूर्ण तपासून झाल्यावरच दुसऱ्याला हात घाला, आणि दुसरा नव्याने बांधू नका. पहिल्या स्लाईडची प्रत काढा. ॲनिमेशन, ट्रिगर, नावं सगळं सोबत येतं, फक्त मजकूर बदलायचा. बरोबर उत्तराची जागा तेवढी बदलत राहा, नाहीतर तिसऱ्या प्रश्नापर्यंत मुलं डोळे मिटून वरचं डावं बटण दाबायला लागतात.

ट्रान्झिशन्स टॅबमध्ये ॲडव्हान्स स्लाईडखालची ऑन माउस क्लिक ही खूण सगळ्या स्लाईड्सवरून काढा. तरीही बाणाची कळ किंवा स्पेसबार स्लाईड पुढे ढकलतोच. तो बंद करायचा असेल तर स्लाईड शो टॅबमध्ये सेट अप स्लाईड शो उघडून 'ब्राउज्ड ॲट अ किऑस्क' निवडा. मग फक्त लिंक आणि ट्रिगर चालतात, बाकी क्लिक आणि कळा निकामी. बाहेर पडायला एस्केप. यानंतर प्रत्येक स्लाईडवर 'पुढे' चं बटण असलंच पाहिजे, नाहीतर मूल पहिल्याच प्रश्नावर अडकून बसेल.

फाईल पॉवरपॉइंट शो या प्रकारात जतन केली की दोनदा क्लिक केल्यावर थेट शोच उघडतो, बदल करायची स्क्रीन येत नाही. पीडीएफ करून पाठवू नका, त्यात ॲनिमेशन आणि ट्रिगर उरत नाहीत.

भिंतीवरच्या पॅनेलसाठी उत्तरांची बटणं स्लाईडच्या खालच्या अर्ध्या भागातच ठेवा. तिसरीच्या मुलाचा हात वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि खुर्चीवर चढून उत्तर द्यायला एकाला परवानगी दिली की मग सगळ्यांनाच खुर्ची हवी असते.